पन्नास लिटरचा समुद्र, मुक्काम तलवाडा

"समुद्री जीवशास्त्रात पीएचडी करायची आहे, पण राहते तलवाड्यात. घरी छोटा रीफ टँक उभा केला तर पुढे संशोधनाला काही उपयोग होईल का? आणि स्कॉलरशिपच्या पैशात ते बसेल का?" असं एका विद्यार्थिनीनं मागच्या महिन्यात विचारलं. तलवाडा म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यातलं, गेवराई तालुक्यातलं, त्वरिता देवीचं तलवाडा. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे, पण तिचं पाणी गोडं, आणि ते जातं बंगालच्या उपसागराला.

माझं गाव तिथून जवळच. आमच्या घरी दोन वर्षांपासून खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी चालू आहे. मी विद्यापीठात असतो तेव्हा धाकटी बहीण ती सांभाळते. त्यामुळे उत्तर थोडं अनुभवावरून देतोय: जमतं, उपयोगही होतो. पण दोन गोष्टी बदलाव्या लागतात. एक म्हणजे रीफमधून प्रवाळ काढून टाकावं लागतं. दुसरी म्हणजे खर्चाचा क्रम उलटा करावा लागतो. दिसणाऱ्या वस्तूंवर कमी आणि मोजायच्या वस्तूंवर जास्त.

आधी कायदा

यूट्यूबवर जे रंगीबेरंगी टँक दिसतात ते बहुतेक परदेशातले असतात. आपल्याकडे २००१ साली रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे कायद्याच्या लेखी ते वाघाच्या पंक्तीत बसतात. समुद्रघोडा आणि समुद्रकाकडीसुद्धा याच यादीत आहेत. शिक्षेची तरतूद तीन ते सात वर्षं कैदेची आहे.

'लाइव्ह रॉक' म्हणून जो दगड काही ठिकाणी गुपचूप विकला जातो, तो बहुतेक वेळा आपल्याच किनाऱ्यावरच्या प्रवाळखडकाचा फोडलेला तुकडा असतो. ज्याला पुढे याच विषयात संशोधन करायचंय त्यानं त्याला हात लावू नये, एवढंच म्हणतो. प्रवाळ बघायचंच असेल तर मालवणला जा. १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. तिथून नमुना घ्यायचा झाला तर वन विभागाची परवानगी लागते, आणि तो अर्ज तुमच्या गाइडमार्फत जातो.

मग प्रवाळाशिवाय रीफ कसला? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. रीफ म्हणजे नुसतं प्रवाळ नव्हे. सच्छिद्र दगड, त्यावरची सूक्ष्मजीवांची साय, शेवाळ, वाळूतले किडे आणि या सगळ्यांतून फिरणारा नायट्रोजन हाही रीफच आहे, आणि हा भाग घरात बसून अभ्यासता येतो. शिवाय प्रवाळ वगळल्याबरोबर सगळ्यात महागडी यादी आपोआप गळते: तीव्र प्रकाशाचे दिवे, कॅल्शियम घालणारे पंप, चिलर. बजेटच्या दृष्टीनं कायदा आपल्या बाजूनंच आहे म्हणायचा.

मीठ म्हणजे मीठ नव्हे

आकडे पक्के करून घेऊ. ६० × ३० सेंमीची टाकी ३० सेंमीपर्यंत भरली की ५४ लिटर होतात. आठ-नऊ किलो दगड-वाळू साडेतीन-चार लिटर जागा खाते. म्हणून हिशोबाला ५० लिटर धरा. यापेक्षा लहान टाकी स्वस्त पडते असं वाटतं, पण पाणी जितकं कमी तितका प्रत्येक धक्का मोठा. दहा लिटरच्या बरणीतून अर्धा लिटर पाणी उडालं तर जो फरक पडतो, तो इथं अडीच लिटर उडाल्यावर पडेल.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५-८६ टक्के. उरलेल्या चौदा-पंधरा टक्क्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बाकी सगळे. किराणा दुकानातलं मीठ घालून 'समुद्र' होत नाही तो या चौदा-पंधरा टक्क्यांमुळे. प्रयोगशाळेत कृत्रिम समुद्रजलाची जी कृती सर्रास वापरतात (केस्टर आणि सहकाऱ्यांची, १९६७ची) तिच्यात किलोमागे साधं सोडियम क्लोराइड सुमारे २४ ग्रॅमच असतं. घरी ती कृती करता येते, पण शुद्ध रसायनं सुटी विकत घेतली तर ती तयार मिश्रणापेक्षा महाग पडतात. म्हणून तयार समुद्री मीठच घ्या. लिटरला ३६ ते ३९ ग्रॅम लागतं, म्हणजे सुरुवातीला दोन किलोच्या आत काम होतं.

दुकानातलं मीठ एका कामाला मात्र फार उपयोगी आहे. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्याल, तो शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून खूश होऊ नका. एका टोकाला बरोबर असलेलं यंत्र दुसऱ्या टोकाला चुकू शकतं. ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी असं वजन करून द्रावण बनवा. याचा अपवर्तनांक ३५ क्षारतेच्या समुद्रजलाइतकाच असतो. यंत्रानं त्यावर ३५ दाखवायला हवं. नाही दाखवलं तर त्यावरच लावून घ्या. हे द्रावण टाकीत ओतायचं नाही, यंत्र तपासण्यापुरतं आहे. पुढे व्हायव्हामध्ये कुणी 'कॅलिब्रेशन कसं केलं?' विचारलं की ही मिठाची बाटली आठवेल.

पाणी

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. बोअरचं पाणी चालत नाही. ते जड आहे म्हणून तर नाहीच, पण त्याहून मोठं कारण नायट्रेट. मराठवाडा-विदर्भातल्या ज्या जिल्ह्यांच्या भूजलात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या मर्यादेवर गेल्याची नोंद केंद्रीय भूजल मंडळानं केलीये, त्यात बीड आहे. जी गोष्ट टाकीत तयार होताना मोजायची, तीच आधीपासून पाण्यात असेल तर मोजणार काय?

आरओ वापरावा तर दुष्काळी तालुक्यात तो हिशोब टोचतो. वर्षाचा अंदाज करू: पहिल्यांदा भरायला ५०, दर महिन्याला १० लिटर बदलायला १२०, आणि बाष्पीभवनाची भरपाई सरासरी रोज पाऊण लिटर धरली तर पावणेतीनशेच्या जवळ. एकूण साडेचारशे लिटरच्या आत. एक लिटर शुद्ध पाण्यामागे आरओ तीन लिटर टाकून देत असेल, तर बोअरमधून सतराशे-अठराशे लिटर उपसावे लागतील. उन्हाळ्यात शेजारी टँकरची वाट बघत असताना हे करणं मला तरी पटत नाही. टाकाऊ पाण्यानं भांडी-फरशी होते हे खरं, तरीसुद्धा.

आम्ही पावसाचं पाणी धरतो. दहा चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी. म्हणजे जुलै ते सप्टेंबरमधल्या पाच-सहा चांगल्या सरी वर्षभराची सोय करतात. पहिले एक-दोन पाऊस धुळीचे असतात, ते सोडून द्यायचे. पाणी झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये, अंधारात ठेवायचं. तांब्याच्या हंड्यात अजिबात नाही, कारण बिनकण्याच्या समुद्री जिवांना तांबं अगदी थोडंही विषारी असतं. पत्रा नवीन जस्ती असेल तर तोही टाळा, स्लॅबचं पाणी घ्या. वापरण्यापूर्वी टीडीएस मीटर बुडवायचा आणि आकडा वहीत लिहायचा.

बाष्पीभवनाबद्दल एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही: पाणी उडतं, मीठ उडत नाही. ५० लिटरमधून पाच लिटर उडाले तर क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ वर जाते. म्हणून रोजची भरपाई गोड्या पाण्यानं करायची, खाऱ्या नव्हे. काचेवर मार्करनं रेघ मारून ठेवा आणि रोज त्या रेघेपर्यंत भरा. यासाठी सेन्सरवाली यंत्रं मिळतात. रेघ फुकट आहे.

ऊन: इथं तलवाडा मुंबईच्या पुढे

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा टाकी शिजेल अशी भीती सगळ्यांना वाटते. ती रास्त आहे. पाणी तापलं की त्यात मावणारा ऑक्सिजनही कमी होतो: समुद्रजलात २५ अंशाला लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम, ३२ अंशाला सहाच्या आसपास. आणि नेमकं त्याच वेळी जिवांची गरज वाढलेली असते.

पण आपल्याकडं माठ आहे, आणि माठाचं भौतिकशास्त्र टाकीलाही लागू होतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. ५० लिटर खारं पाणी एक अंशानं थंड करायला लागतात जेमतेम २०० किलोज्यूल. भागाकार करा: एक लिटर उडून जाताना पन्नास लिटरला बारा अंश थंड करण्याइतकी उष्णता सोबत नेतो. बाहेरून उष्णता परत आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात बारा अंश उतरत नाहीत, पण कॉम्प्युटरचा पाच वॅटचा पंखा पृष्ठभागावर तिरका लावला तर फरक थर्मामीटरवर दिसतो.

किती उतरू शकतं याची खालची मर्यादा म्हणजे वेट-बल्ब तापमान. चाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रता, म्हणजे आपली मे महिन्यातली दुपार, इथं ते २२-२३ अंश येतं. तेहेतीस अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता, म्हणजे मुंबईची दुपार, तिथं २८ च्या वर. म्हणजे हवा सात अंशांनी थंड असूनही मुंबईकराला चिलर घ्यावा लागतो आणि आपलं काम पंख्यावर भागतं! कोरड्या हवेला आपण आयुष्यभर शिव्या घालतो, तिचा हा एक फायदा. किंमत अर्थातच पाण्यात मोजावी लागते. उन्हाळ्यात भरपाई रोज दीड लिटरपर्यंत जाते.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलटा प्रकार, तेव्हा छोटा हीटर लागतो. वीज फार लागत नाही: आठ वॅटचा पंप चोवीस तास, दहा वॅटचा एलईडी आठ तास, पंखा बारा तास, सगळं मिळून रोज युनिटचा एक तृतीयांश. लाइट गेली तर? ५० लिटरमध्ये ऑक्सिजनचा एकूण साठा सव्वातीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो, आणि तो मासे, जिवाणू, शेवाळ सगळे मिळून खातात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे. यावर काटकसर नको.

नवसागर आणि सिॲटलची वाळू

आता ज्या भागासाठी हा सगळा खटाटोप, तिकडे येऊ. टाकी भरली, दगड लावले, पाणी फिरायला लागलं. मासा सोडायचा नाही. निदान महिना-दीड महिना टाकीत बघण्यासारखं काहीच नसतं. रोज फक्त मोजायचं.

माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. काही सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे सूक्ष्मजीव दगडावर वसेपर्यंत टाकी विषारी असते. समुद्रजलात तर जास्तच, कारण पीएच एकानं वाढला की अमोनियाचा विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो, आणि समुद्राचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. म्हणून माशाऐवजी अमोनियम क्लोराइड घालतात. म्हणजे नवसागर! कल्हईवाले वापरतात तोच, पण त्यांच्याकडचा घेऊ नका, प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा घ्या. ५० लिटरमध्ये दोन मिलिग्रॅम प्रति लिटर अमोनिया आणायला फक्त ०.३ ग्रॅम लागतो. जिवाणूंच्या विरजणासाठी समुद्री टाकी चालवणाऱ्या ओळखीच्या दुकानातून मूठभर ओली वाळू मागून आणा.

मग रोज एका ठरलेल्या वेळी तीन चाचण्या. अमोनिया उतरू लागतो, नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं आणि नायट्रेट साचत जातं. हे तीन वक्र आलेखावर एकमेकांना छेदून गेलेले स्वतःच्या आकड्यांतून पहिल्यांदा दिसतात, तेव्हा पाठ्यपुस्तकातली आकृती वेगळीच वाटायला लागते. इथं एक खाच आहे. नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग रंग मोजतं. त्यामुळे टाकीत नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटचा आकडा फुगलेला येतो. मधल्या आठवड्यांतला नायट्रेटचा उंचवटा खरा किती आणि किटमुळे किती, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

हे करणारे सूक्ष्मजीव नेमके कोण? आपण बारावीत लिहिलं ते नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर. विनोग्राडस्कीनं १८९० च्या सुमाराला नायट्रीकरण करणारे जिवाणू वेगळे केले, तेव्हापासून ही जोडी पुस्तकात बसली आहे. १९९६ मध्ये टिमथी होव्हानेक आणि एडवर्ड डीलाँग यांनी डीएनएवर आधारलेल्या पद्धतीनं माशांच्या टाक्या तपासल्या. नायट्रोबॅक्टर जवळजवळ सापडेच ना. दोन वर्षांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम करणारे नायट्रोस्पायरा गटातले निघाले.

त्याहून मोठी गोष्ट २००५ ची. अमेरिकेतल्या सिॲटलच्या मत्स्यालयातल्या उष्णकटिबंधीय समुद्री टाकीतली खडी घेऊन संशोधकांनी त्यातून एक सूक्ष्मजीव वेगळा वाढवला: नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. तो अमोनियाचं नायट्राइट करत होता, आणि तो जिवाणूच नव्हता, आर्किया होता. शंभर वर्षांहून जास्त काळ हे काम जिवाणूंचंच असं सगळे धरून चालले होते. पुढे कळलं की या गटातले जीव महासागरातल्या सर्वांत मुबलक सूक्ष्मजीवांपैकी आहेत. समुद्रभर पसरलेला जीव पहिल्यांदा हाती लागला तो एका टाकीच्या तळातल्या खडीतून. तलवाड्यातून समुद्राचा अभ्यास कसा होणार असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो. अर्थात, त्यांच्याकडे टाकीसोबत प्रयोगशाळाही होती, हे सांगायला विसरत नाही.

दगडाचं थोडक्यात. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाकी चालते हे लिहून दाखवलं, स्वस्त टाक्यांचे ते आद्यपुरुष. आपल्याला जिवंत दगड वर्ज्य. कोरडा, सच्छिद्र, कृत्रिम किंवा कायदेशीर बिल असलेला दगड घ्या. आपल्याकडचा छिद्रांचा काळा बेसाल्ट स्वच्छ घासून, उकळून वापरता येतो. तो पाण्याच्या रसायनात फारशी ढवळाढवळ करत नाही, जिवाणूंना जागा देतो. शेतातल्या चुनखडीच्या गोट्यांना मात्र माती चिकटलेली असते, ते नकोत.

टाकी एकच, म्हणजे नमुना एकच

आता थोडं कडू. सहा महिन्यांच्या सुंदर नोंदी घेऊन कुणी म्हणेल, 'बेसाल्टवर नायट्रीकरण लवकर होतं असं माझ्या प्रयोगात दिसलं.' नाही दिसलं. एका टाकीत दहा ठिकाणचं पाणी तपासलं, तीस दिवस तपासलं, तरी टाकी एकच आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांची झाडाझडती घेतली आणि या प्रकाराला नाव दिलं, स्यूडोरेप्लिकेशन. मराठीत खोटी पुनरावृत्ती म्हणू. पीएचडीच्या मुलाखतींत यावर प्रश्न येतात आणि चांगले चांगले अडखळतात.

तुलना करायचीच तर टाकीच्या आधी सहा झाकणवाल्या प्लॅस्टिक बादल्या घ्या, पाच-पाच लिटरच्या. तिघींत बेसाल्ट, तिघींत कृत्रिम दगड. कुठली बादली कुठं ठेवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, कारण खिडकीजवळची बादली जास्त तापते. सगळ्यांत सारखंच मीठ, सारखाच नवसागर, सारखीच ओली वाळू. मासा एकही नाही. तीन-तीनचा नमुनाही लहानच, पण आता निदान प्रश्न विचारता येतो. माझ्या मते तुमच्या एसओपीमध्ये या सहा बादल्यांचं वजन दिमाखदार टाकीपेक्षा जास्त पडेल.

नोंदीबद्दलही तेच. किटचे रंग डोळ्यांनी जुळवायचे असतात. आमच्याकडे मी आणि बहीण एकच नळी बघून वेगळे आकडे सांगायचो, विशेषतः संध्याकाळच्या बल्बखाली. मग ठरवलं की दोघांनी एकमेकांचं न बघता लिहायचं, दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदासमोर. दोन आकड्यांतला फरक हीसुद्धा नोंदच आहे. तो वहीत ठेवायचा, खोडून एक करायचा नाही.

पैशांचे आकडे मुद्दाम दिले नाहीत, सहा महिन्यांत शिळे होतात. क्रम सांगतो: आधी थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर, चाचणी किट. मग मीठ आणि ड्रम. मग पंप, पंखा, बॅटरीवरचा एअर पंप. काच जुनी, गळती तपासून घेतलेली चालते. दिवा साधा. पैसे संपले तर बादल्यांवर थांबा.

आणि मासा सगळ्यात शेवटी, तोही हवाच असेल तर. समुद्रातून पकडलेला नको. क्लाउनफिशची पैदास आता आपल्या देशात हॅचरीत होते. केरळ-तमिळनाडूतल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रांनी त्यावर बरंच काम केलंय, आणि आपल्या राज्यात कांदळवन प्रतिष्ठानची हॅचरी ऐरोलीला आहे. पन्नास लिटरला एक जोडी पुरे. फक्त घेण्याआधी घरच्यांशी बोला. नीट सांभाळला तर क्लाउनफिश दहा वर्षांहून जास्त जगतो, आणि फेलोशिप पाच वर्षांत संपते. तुम्ही गोव्याला नाहीतर कोचीला निघून जाल तेव्हा काचेवरच्या रेघेपर्यंत रोज पाणी कोण भरणार, ते आधी ठरलेलं असू द्या.